युरोपच्या इतिहासाचा पेपर कसा काढायचा: कोल्हापूरच्या बी.ए.वाल्यांसाठी

इतिहास स्पेशल घेतलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींना मराठ्यांच्या पेपरची धास्ती नसते. निम्मा पेपर पोवाड्यातून, घरातल्या गप्पांतून आणि पन्हाळ्याच्या सहलींतून आधीच डोक्यात गेलेला असतो. मग एखाद्या सेमिस्टरला समोर येतो युरोप, साधारण १४५० ते १७०० चा. तिथं ना ओळखीचा गड, ना ओळखीचं आडनाव. आठ चार्ल्स, अठरा लुई, आणि प्रत्येकाचं कुणाशी तरी युद्ध. पोरं घाबरून गाईड उघडतात आणि सनावळी घोकायला लागतात.

मी हा पेपर शिवाजी विद्यापीठातून दिला आहे आणि पुढे अभ्यासिकेत धाकट्यांना समजावूनही सांगितला आहे. घोकणारी पोरं नापास होत नाहीत, पण त्यांचे गुण पासाच्या आसपासच अडकतात. या पेपरात तारखांपेक्षा कारणांना जास्त किंमत आहे. खाली जो क्रम दिला आहे त्याच क्रमाने जा.

१. पुस्तकाआधी अभ्यासक्रम

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि त्याची छापील प्रत काढा. वरच्या कोपऱ्यात तो कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू आहे ते लिहिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं, गुण, इंटर्नलचा वाटा असं बरंच बदललं आहे. मागच्या बॅचच्या दादाने प्रेमाने दिलेला झेरॉक्सचा गठ्ठा जुन्या अभ्यासक्रमाचा असू शकतो. या विषयात हा धोका मोठा आहे, कारण काही अभ्यासक्रम १६४८ ला थांबतात, काही चौदाव्या लुईपर्यंत म्हणजे १७१५ पर्यंत जातात आणि काही थेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या दारात नेऊन सोडतात.

जमवायच्या गोष्टी:

- अभ्यासक्रमाची प्रत, घटकवार गुणांसह
- त्याच अभ्यासक्रमाच्या मागच्या प्रश्नपत्रिका (कॉलेजच्या ग्रंथालयात फाईल असते, मागितल्याशिवाय मिळत नाही)
- युरोपचे कोरे नकाशे, पाच-सहा
- एक जाड फुलस्केप वही, फक्त या पेपरसाठी
- एक मराठी पाठ्यपुस्तक आणि शक्य असेल तर एक इंग्रजी
- परीक्षेचा अर्ज भरल्याची पावती, पीआरएन नंबर, कॉलेजचं ओळखपत्र

अर्ज मुदतीत भरा. विलंब शुल्काच्या पैशांत एखादं पुस्तक येतं.

२. पुस्तकं कुठं बघायची

विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही पहिली जागा. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजातून पत्र घेऊन जावं, म्हणजे काउंटरवर विचारपूस लांबत नाही. शहरात राहत असाल तर करवीर नगर वाचन मंदिर आहे. १८५० सालची संस्था, मराठीतली जुनी इतिहासाची पुस्तकं तिथं बघावीत. गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडीकडून रोज येऊन-जाऊन करणाऱ्यांसाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यातली नोंद एसटीत वाचून होते आणि बऱ्याच गाईडांपेक्षा सरस असते.

पुस्तक निवडताना एकच कसोटी लावा. तीस वर्षांच्या युद्धाचं प्रकरण उघडा. त्यात कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंटांच्या बाजूने का उतरला याचं उत्तर असेल तर पुस्तक घ्या. नुसती लढायांची यादी असेल तर ठेवून द्या.

३. नकाशा काढा, बघू नका

आजचा युरोपचा नकाशा डोक्यात ठेवून हा पेपर वाचला की सगळं चुकत जातं. १५०० साली इटली नावाचा देश नव्हता. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पोपची राज्यं आणि नेपल्स या पाच मोठ्या सत्ता एकमेकींवर डोळा ठेवून होत्या. जर्मनीही नव्हती, होतं पवित्र रोमन साम्राज्य, शेकडो लहानमोठ्या संस्थानांचं. सम्राट निवडून यायचा आणि निवडणारे सात जण होते. ही एक गोष्ट कळली की पोपविरुद्ध उभा राहिलेला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर जिवंत कसा राहिला हेही कळतं. सम्राट त्याच्या विरोधात होता, पण सॅक्सनीचा फ्रेडरिक त्याच्या पाठीशी होता, आणि फ्रेडरिक त्या सातांपैकी एक होता.

कोऱ्या नकाशावर तीन वेळा हाताने भरा: १५०० चा, चार्ल्स पाचव्याच्या काळातला (त्याच्या हॅब्सबर्ग घराण्याचा मुलूख एका रंगात) आणि १६४८ चा. दुसरा नकाशा रंगवताना फ्रान्स चहूबाजूंनी वेढलेला दिसतो. पुढच्या शंभर वर्षांचं फ्रान्सचं परराष्ट्र धोरण त्या रंगात आहे.

फ्लॉरेन्स शोधताना कोल्हापूरकराला अडचण येऊ नये. आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्याच शहरात वारले आणि आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथं त्यांची छत्री आहे. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, आणि आपला टाउन हॉल नि नवा राजवाडाही त्याचेच. हे उत्तरपत्रिकेत लिहायचं नाही, पण आर्नो नदी आता विसरणार नाही.

४. प्रत्येक घटनेला विचारा: पैसे कुणी घातले?

गणपतीच्या मिरवणुकीत एखाद्या तालमीचा थाट दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. या पेपरातही तोच विचारा. वेगवेगळ्या घटकांत तोडलेला अभ्यासक्रम या एका प्रश्नाने जोडला जातो. मी शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवतो.

प्रबोधनापासून सुरू करू. फ्लॉरेन्समधली चित्रं, शिल्पं, ग्रंथसंग्रह यांमागे व्यापारी आणि पेढीवाले होते. मेडिची घराण्याची पेढी १३९७ ची. पोपचे आर्थिक व्यवहार तिच्याकडे होते आणि पुढे याच घराण्यातला एक जण दहावा लिओ या नावाने पोप झाला. त्याच्या काळात रोममध्ये सेंट पीटर चर्चचं बांधकाम चालू होतं आणि त्यासाठी पापक्षालनाची पत्रं विकली जात होती. जर्मनीत ही विक्री जोरात होण्याचं आणखी एक कारण होतं. माइन्झचा आर्चबिशप होण्यासाठी आल्ब्रेख्टने रोमला मोठी रक्कम मोजली होती, ती ऑग्सबुर्गच्या फुगर या सावकारांकडून उचललेली. विक्रीतला निम्मा पैसा ते कर्ज फेडायला जायचा. १५१७ साली लूथरने ज्या व्यवहारावर बोट ठेवलं तो हा.

आता दोनच वर्षं पुढं या. १५१९ मध्ये सम्राटपदाची निवडणूक झाली. स्पेनच्या चार्ल्सने (हाच पुढे पाचवा चार्ल्स) मतांसाठी साडेआठ लाख फ्लोरिनच्या आसपास खर्च केला आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा फुगरांचाच. असा निवडून आलेला सम्राट १५२१ ला वर्म्सच्या सभेत लूथरसमोर बसला. गाईडमध्ये मेडिची एका प्रकरणात, लूथर दुसऱ्यात आणि चार्ल्स तिसऱ्यात असतो. धागा दिसतच नाही.

धागा सोडू नका. चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप याच्याकडे अमेरिकेची चांदी येत होती. पोटोसीची खाण १५४५ मध्ये सापडली होती. एवढी चांदी येऊनही १५५७, १५७५, १५९६ अशा वर्षांत त्याला सावकारांची देणी थांबवावी लागली, कारण युद्धं चांदीपेक्षा वेगाने खर्च खात होती. १५७५ च्या दिवाळखोरीनंतर पुढच्याच वर्षी पगार न मिळालेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प लुटलं. त्या लुटीने नेदरलँड्सच्या प्रांतांना काही काळ स्पेनविरुद्ध एकत्र आणलं. पुढे उत्तरेतल्या स्वतंत्र झालेल्या प्रांतांनी १६०२ मध्ये भागभांडवलावर आपली ईस्ट इंडिया कंपनी काढली.

इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० संसदेशिवाय कारभार हाकला. त्यासाठी त्याने जहाजपट्टीसारखे जुने कर नव्याने लावले. स्कॉटलंडशी युद्ध ओढवलं, पैसे संपले, संसद बोलवावीच लागली आणि १६४२ ला यादवी युद्ध. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या युद्धांचा आणि व्हर्सायचा भार मुख्यतः शेतकऱ्यांवर पडला. सरदार आणि धर्मगुरू बऱ्याच करांतून सुटलेले होते. इंग्लंडने १६८८ च्या क्रांतीनंतर वेगळी वाट धरली. तिजोरीची किल्ली संसदेकडे गेली आणि १६९४ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धाला कर्ज उभारायला बँक ऑफ इंग्लंड निघाली. एकतंत्री राजेशाही विरुद्ध संसदीय सत्ता असा तुलनात्मक प्रश्न आला तर हा परिच्छेद निम्मं उत्तर आहे.

एक खबरदारी घ्या. सगळंच पैशावर नेऊन ठेवू नका. लूथरला आत्म्याच्या मुक्तीची तळमळ खरोखरच होती. त्याला नुसता कराविरुद्ध भांडणारा पुढारी केलात तर उत्तर उथळ होतं. १५२४-२५ मध्ये जर्मन शेतकरी त्याच्याच शब्दांचा आधार घेऊन उठले तेव्हा त्याने त्यांच्या विरोधात कडक भाषेत लिहिलं. पैशाच्या सूत्रात ही गोष्ट नीट बसत नाही, म्हणून ती उत्तरात हवीच.

५. सनावळी: डावीकडे युरोप, उजवीकडे आपण

तारखा घोकू नका म्हटलं म्हणजे तारखा नकोत असं नाही. वीस-पंचवीस पक्क्या हव्यात. वहीच्या पानाचे दोन भाग करा आणि प्रत्येक युरोपीय घटनेसमोर इकडची घटना लिहा. माहीत असलेलं साल न माहीत असलेल्याला ओढून आणतं.

१५२६: इकडे पानिपतची पहिली लढाई, तिकडे मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीला हरवलं आणि तिथला राजा पळताना मेला. १५५६: इकडे अकबर गादीवर, तिकडे चार्ल्स पाचव्याने स्पेनची गादी फिलिपला दिली. १६४८: इकडे शहाजीराजांना कैद, तिकडे वेस्टफालियाचा तह. १६६०: सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा आणि बाजीप्रभूंची घोडखिंड. त्याच उन्हाळ्यात लंडनला दुसरा चार्ल्स परतला आणि राजेशाही पुन्हा सुरू झाली. याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला आले होते, म्हणजे हे दोन रकाने तेव्हाही अगदी वेगळे नव्हते. १६७४: राज्याभिषेक. तेव्हा लुई डच लोकांशी लढत होता. १६८९: संभाजी महाराजांची हत्या आणि इंग्लंडात हक्कांची सनद. १७००: राजाराम महाराजांच्या निधनानंतर ताराबाईंनी कारभार हाती घेतला, आणि त्याच वर्षी स्पेनचा दुसरा चार्ल्स निपुत्रिक वारला, ज्यातून वारसायुद्ध पेटलं.

बाकीच्या जोड्या स्वतः शोधा. शोधताना जेवढं डोक्यात राहतं तेवढं तयार तक्त्यातून राहत नाही.

६. एकच माणूस, दोन आकडे

स्पेनचा पहिला चार्ल्स आणि साम्राज्याचा पाचवा चार्ल्स हा एकच माणूस. स्कॉटलंडचा सहावा जेम्स म्हणजेच १६०३ पासूनचा इंग्लंडचा पहिला जेम्स. नाव्हारचा तिसरा हेन्री म्हणजे फ्रान्सचा चौथा हेन्री, १५९८ चं नांतचं फर्मान काढणारा. वहीच्या शेवटच्या पानावर अशी यादी ठेवा. वस्तुनिष्ठ प्रश्नांत नेमका इथंच घात होतो.

तारखांचंही तसंच. शिवजयंती तारखेने की तिथीने हा वाद आपल्याला नवा नाही, त्यामुळे युरोपची भानगड चटकन समजेल. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने कॅलेंडर सुधारलं. काही कॅथलिक देशांत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला. प्रॉटेस्टंट इंग्लंडने हे १७५२ पर्यंत मानलं नाही, शिवाय तिथं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाचं साल जुन्या कागदांत १६४८ आणि आपल्या पुस्तकात ३० जानेवारी १६४९ दिसतं. तुम्ही पाठ्यपुस्तकातलीच तारीख लिहा. दोन पुस्तकांत दहा दिवसांचा फरक दिसला तर छपाईची चूक समजून खोडाखोड करू नका, एवढंच.

७. गाईडमधली तीन विधानं जपून वापरा

पहिलं: ‘१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं, विद्वान इटलीत पळाले, म्हणून प्रबोधन झालं.’ प्रबोधनाचा आद्य कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला होता. फ्लॉरेन्समध्ये ग्रीक पंडित क्रिसोलोरासने ग्रीक शिकवायला १३९७ मध्ये सुरुवात केली होती. तिथल्या मोठ्या चर्चवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ ला पुरा झाला. १४५३ हे वेग वाढवणारं कारण आहे, सुरुवातीचं नाही. असं लिहा आणि दोन सालं पुराव्याला द्या.

दुसरं: ‘तुर्कांनी व्यापारी मार्ग बंद केले म्हणून सागरी शोध लागले.’ इजिप्त १५१७ पर्यंत ममलुक सुलतानांच्या ताब्यात होता आणि व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियात मसाले घेतच होते. पोर्तुगीज तर १४१५ ला उत्तर आफ्रिकेतलं सेउटा बंदर घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले होते. मधले दलाल टाळून मसाल्याचा आणि सोन्याचा नफा थेट मिळवणं हे जास्त पटणारं कारण.

तिसरं: लुईच्या तोंडी घातलेलं ‘मीच राज्य’ हे वाक्य. तो असं बोलल्याचा पक्का पुरावा नाही. वापरायचंच असेल तर ‘असं म्हटलं जातं’ जोडा. लूथरने चर्चच्या दारावर खिळ्याने पंच्याण्णव मुद्दे ठोकल्याबद्दलही वाद आहे. ‘मुद्दे प्रसिद्ध केले’ लिहिलं की सुटलात.

आणि काही परीक्षकांना गाईडमधलंच उत्तर अपेक्षित असतं का? असतं. म्हणून रूढ कारण आधी लिहा, मग त्याची मर्यादा. म्हणजे दोन्हीकडून गुण.

८. उत्तर बांधणं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार घेऊ: ‘तीस वर्षांच्या युद्धाची कारणे व परिणाम स्पष्ट करा.’

सुरुवात दोन वाक्यांत: १६१८ ते १६४८, मुख्य रणभूमी जर्मन प्रदेश, सुरुवात धर्मावरून. ‘प्रस्तावना’ म्हणून अर्धं पान युरोपच्या भूगोलाचं वर्णन नको. मग कारणं: १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहात कॅल्विनपंथीयांना (प्रॉटेस्टंटांतली दुसरी शाखा) स्थानच नव्हतं, बोहेमियात (आजचा चेक प्रदेश) हॅब्सबर्ग राजा फर्डिनांडचं कडवं कॅथलिक धोरण, आणि सम्राट विरुद्ध संस्थानिक ही जुनी ओढाताण. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाचे अधिकारी बाहेर फेकले गेले, ते निमित्त. निमित्त आणि कारण वेगवेगळं लिहा.

त्यानंतर वळण, आणि गुण तिथं आहेत. १६२५ ला डेन्मार्क, १६३० ला स्वीडनचा गुस्ताव्ह अडॉल्फ, आणि १६३५ ला कार्डिनल रिशल्यूचा फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. चर्चचाच कार्डिनल प्रॉटेस्टंटांच्या बाजूने, कारण हॅब्सबर्गांचा वेढा फोडायचा होता. धर्माचं युद्ध इथं सत्तेचं झालं. हे वाक्य अधोरेखित करा. परिणामांत वेस्टफालिया: कॅल्विनपंथाला मान्यता, डच आणि स्विस स्वातंत्र्य, संस्थानिकांना करार करण्याचे अधिकार, फ्रान्सला आल्सासमधले हक्क, आणि जर्मन गावांची उजाड अवस्था.

टीपांना एवढं लांबण नको. कोण वा काय, केव्हा, कशामुळे, पुढं काय झालं, की टीप संपली. ‘गॅलिलिओ’ आला तर १६१० चे दुर्बिणीतले शोध, १६३३ चा खटला आणि कोपर्निकसशी (१५४३) नातं एवढं पुरे.

मराठी माध्यमवाल्यांनी नावाचं एकच रूप धरावं. ‘काल्विन’ लिहा किंवा ‘कॅल्विन’, पण एकाच उत्तरात दोन्ही नकोत.

९. शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

नवीन काही वाचू नका. मागच्या प्रश्नपत्रिकेतला एक दीर्घ प्रश्न रोज घड्याळ लावून लिहा. एकूण मिनिटं भागिले एकूण गुण केलं की एका गुणाला किती वेळ ते कळतं. शेवटच्या प्रश्नाला वेळ न उरणं हा या पेपरचा ठरलेला घोळ आहे, कारण लूथर आवडतो आणि तो संपतच नाही.

हॉल तिकिटावर पेपरचं नाव आणि कोड आपल्या अभ्यासक्रमाशी जुळवून बघा. फरक असेल तर आदल्या दिवशीच कॉलेज ऑफिस गाठा. पुरवणी घेतली की लगेच तिच्यावर प्रश्न क्रमांक टाका. नकाशा विचारलेला नसला तरी उत्तराला शोभत असेल तर पेन्सिलीने लहानसा काढा, पाच मिनिटांच्या आत.

निकालात गुण फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. मुदत थोडी असते आणि ती परिपत्रकात दिलेली असते, म्हणून निकालाच्या दिवशीच ते परिपत्रक शोधा. आधी छायाप्रत मागवा, शिक्षकांना दाखवा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा.